अनेक रुग्णालयांच्या एक्स-रेंवर मॉडेल शिकवताय? या चुका टाळा

फेडरेटेड लर्निंगमध्ये रुग्णाचा एक्स-रे किंवा सीटी रुग्णालयाबाहेर जात नाही. मॉडेल प्रत्येक रुग्णालयात जातं, तिथल्याच संगणकावर शिकतं आणि फक्त बदललेले वेट्स, म्हणजे मॉडेलने शिकलेलं साठवणारे आकडे, मध्यवर्ती सर्व्हरकडे परत येतात. सर्व्हर त्यांची सरासरी काढतो, की पुढचा राउंड सुरू. ही पद्धत चालते, याबद्दल वाद नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या गाठींवरच्या कामात ७१ ठिकाणच्या ६,३१४ रुग्णांचे एमआरआय अशाच रीतीने वापरले गेले. तरीही नवीन मंडळी पुन्हा पुन्हा त्याच चार-सहा ठिकाणी अडखळतात.

‘डेटा बाहेर गेलाच नाही, मग गोपनीयतेचा प्रश्न कुठे?’

हे वाक्य मी दर प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत ऐकतो. एके काळी मीही हेच म्हणायचो.

तीन रुग्णालयांचे छातीचे एक्स-रे होते, क्षयरोग ओळखायचा होता. डायकॉम (वैद्यकीय चित्रांसाठी ठरलेला प्रकार) फाइलच्या हेडरमधून, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीच्या भागातून, नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक पुसणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती. सगळे टॅग, म्हणजे हेडरमधले रकाने, रिकामे झालेले पाहिले आणि निर्धास्त झालो. पहिल्या काही राउंडांतच एका रुग्णालयाचे आकडे इतके चांगले यायला लागले की मला झोप येईना. तिथे जाऊन मॉडेल चित्रात कुठे बघतंय हे दाखवणारा हीटमॅप काढला. लाल डाग फुप्फुसावर नव्हताच, तो वरच्या कोपऱ्यात होता. चित्र मोठं केलं, तर तिथे बारीक पांढऱ्या अक्षरांत रुग्णाचं नाव, वय आणि त्याखाली वॉर्डाचं नाव. मॉडेल वॉर्ड ओळखायला शिकलं होतं. क्षयरोगाच्या वॉर्डातून आलेला एक्स-रे म्हणजे क्षयरोग, एवढाच त्याचा हिशोब.

तिथल्या एक्स-रे टेक्निशियनना विचारलं. ते म्हणाले, “साहेब, ती अक्षरं आम्ही फिल्मसाठी टाकतो. फिल्म इकडची तिकडे झाली तर कुणाची ते कसं कळणार?” त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. चूक माझी होती, कारण मी हेडर पाहिला आणि चित्र पाहिलंच नाही. चित्रावर मजकूर छापलेला आहे का, हे सांगणारा टॅग डायकॉममध्ये आहे, पण तो बऱ्याचदा रिकामा असतो. आमच्या फाइलींत तर तिथे ‘नाही’ असं लिहिलेलं होतं. सोनोग्राफीत हा प्रकार सर्रास सापडतो.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. ट्रेनिंगची एकही ओळ चालवण्याआधी प्रत्येक रुग्णालयात जाऊन, तिथल्याच संगणकावर, दोनशे चित्रं डोळ्यांनी बघायची. वीस-वीसच्या चौकटी करून, शेजारी टेक्निशियनना बसवून. मशीन कधी बदललं, पोर्टेबल मशीन कुठल्या वॉर्डात जातं, डाव्या बाजूची ‘एल’ची खूण कोण लावतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. अर्धा दिवस जातो. “अक्षरं शोधणारं टूल आहे की” असं कुणी म्हटलं, तर टूलही चालवा. पण बघायला पर्याय नाही. ज्याला अर्ध्या दिवसाची घाई आहे, त्याने रुग्णांच्या डेटाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डोक्याच्या एमआरआयमध्ये तर नाव पुसूनही माणूस उरतो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून त्यांचे चेहरे उभे केले आणि चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांतले ७० अचूक जुळवले. चेहऱ्याचा भाग काढून टाकणं ही पहिली पायरी ठेवा.

वेट्स आणि ग्रेडियंट म्हणजे निव्वळ आकडे, हा समज

बॅच (एका वेळी शिकवायला घेतलेला चित्रांचा गठ्ठा) लहान असेल तर ग्रेडियंटवरून, म्हणजे वेट्स कसे बदलायचे हे सांगणाऱ्या आकड्यांवरून, मूळ चित्र बऱ्यापैकी परत उभं करता येतं, हे २०१९ पासून जाहीर आहे. म्हणून सिक्युअर अ‍ॅग्रिगेशन वापरतात. त्यात सर्व्हरला फक्त बेरीज दिसते, कुणा एकाचं योगदान दिसत नाही. पण दोनच रुग्णालयं असतील तर त्याचा उपयोग काय? बेरजेतून स्वतःचे आकडे वजा केले की समोरच्याचे हातात येतात. तिघांतले दोघं एकत्र आले तरी तेच. अशा वेळी रुग्णालयातच आकड्यांत नॉइज, म्हणजे मुद्दाम थोडी यादृच्छिक गडबड, मिसळावा लागतो, आणि तो पहिल्या राउंडपासून. नॉइज किती हे एप्सिलॉन या आकड्यावर ठरतं: तो मोठा, तर नॉइज कमी आणि गोपनीयताही कमी. अचूकता घसरली म्हणून एप्सिलॉन गुपचूप वाढवणारे मी पाहिलेत. एप्सिलॉन आधी ठरवा, लेखी ठेवा, डॉक्टरांना दाखवा.

मोबाइल नंबरचा हॅश

रुग्ण ओळखायला नंबरचा साधा हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने काढलेला सांकेतिक आकडा, करून ठेवतात आणि तो सुरक्षित समजतात. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी, ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. तेवढ्या सगळ्यांचे हॅश एका ग्राफिक्स कार्डावर काही मिनिटांत निघतात आणि ते जुळवले की मूळ नंबर सापडतो. गुप्त किल्लीशिवाय हॅश करू नका आणि ती किल्ली मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवू नका.

किरकोळ वाटणाऱ्या, पण आठवडे खाणाऱ्या चुका

एका रुग्णालयाची चित्रं ‘मोनोक्रोम१’ची, म्हणजे काळ्याचं पांढरं झालेली असतात. लोड करतानाच तपासा.

एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे, एक ट्रेनिंगमध्ये आणि एक टेस्टमध्ये, हे अजूनही होतं. विभागणी रुग्णावर करा, चित्रांवर नको.

बॅच नॉर्मलायझेशन, म्हणजे मॉडेलच्या आतले आकडे एका पातळीवर आणणारे थर, त्यांची सरासरी सगळ्यांत मिसळू नका. प्रत्येक मशीनचा उजेड वेगळा असतो. मी ते थर त्या त्या रुग्णालयातच ठेवतो.

एकच सरासरी आकडा दाखवणं

न्यूमोनियावरच्या २०१८ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात मॉडेल एक्स-रे बघून तो कुठल्या रुग्णालयाचा, हे जवळजवळ बिनचूक सांगत होतं, आणि बाहेरच्या रुग्णालयात गेल्यावर बहुतेक वेळा त्याची कामगिरी खालावत होती. म्हणून मी प्रत्येक रुग्णालयाचा आकडा वेगळा छापतो आणि एक रुग्णालय ट्रेनिंगमधून पूर्ण बाहेर ठेवतो. शक्यतो सगळ्यांत लहान, तालुक्याचं. सरासरी अचूकता ९२ टक्के दिसत असताना तिथे ७० येत असतील, तर मी मॉडेल कुणाच्या हाती देत नाही. तिथे रात्री एक्स-रे बघायला रेडिओलॉजिस्ट नसतो, आणि मॉडेलवर सगळ्यांत जास्त भिस्त तिथेच असते.