जर्मनीतील विवस्त्र सौना आणि एफकेके किनारे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जर्मनीत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसावर पहिल्या वर्षात हा प्रसंग बहुधा येतोच. कार्यालयातला सहकारी शुक्रवारी सहज विचारतो, "उद्या थेर्मेला येतोस का?" थेर्मे म्हणजे गरम पाण्याची कुंडे, सौना आणि विश्रांतीच्या जागा असलेले मोठे स्नानगृह, एवढे आपल्याला ठाऊक असते, म्हणून पोहण्याची चड्डी पिशवीत टाकून आपण जातो, आणि सौनाच्या भागाकडे वळताना ‘टेक्स्टिलफ्राय’ अशी पाटी दिसते. तिचा अर्थ अक्षरशः घ्यायचा असतो: येथून पुढे अंगावर कापड नको.

माझ्याकडून ती पाटी वाचायचीच राहिली. चड्डी घालून आत शिरलो, तेव्हा वरच्या फळीवर बसलेल्या सत्तरीच्या एका आजींनी डोळे पुरते न उघडताच आधी माझ्या चड्डीकडे आणि मग दाराकडे बोट दाखवले. त्या रागावल्या नव्हत्या. चपला घालून देवघरात शिरलेल्या नातवाला हटकावे, तसे ते हटकणे होते. त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली की आपण ज्याला लाजेचा प्रश्न समजतो, तो येथे मुख्यतः सोवळ्याचा प्रश्न आहे, आणि ह्या सोवळ्याचे नियम आपल्या आजीच्या स्वयंपाकघराइतकेच काटेकोर आहेत.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. सौनातील विवस्त्रता आणि ‘एफकेके’ ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एफकेके (उच्चार एफ-का-का) हे ‘फ्रायक्योर्परकुल्टुर’ ह्या शब्दाचे लघुरूप असून त्याचा अर्थ मुक्त देहाची संस्कृती असा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कारखान्यांच्या शहरांतील कोंदट जीवनाला कंटाळलेल्या लोकांनी ऊन, वारा, व्यायाम आणि साधा आहार ह्यांचा पुरस्कार सुरू केला, त्या चळवळीची ही एक शाखा आहे. 1933 साली नाझी राजवटीने ह्या संघटनांवर बंदी घातली. युद्धानंतर, 1949 साली, पश्चिम जर्मनीत त्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. पूर्व जर्मनीत सरकारने 1954 साली बाल्टिक किनाऱ्यावर बंदीचा प्रयत्न केला, पण लोकांनी तो हाणून पाडला आणि पुढे तेथे विवस्त्र स्नान ही सर्वसामान्य कुटुंबाची सुट्टीच झाली. सौनाचे तसे नाही. ज्या जर्मन माणसाने आयुष्यात एफकेके किनाऱ्यावर पाऊल ठेवलेले नाही, तोही सौनात विवस्त्रच बसतो, कारण पोहण्याच्या तलावातील क्लोरीन आणि घाम शोषलेले ओले कृत्रिम कापड त्या उष्णतेत आणणे त्याला अस्वच्छ वाटते.

सौनात कसे वागावे

सोबत दोन मोठे टॉवेल, एक अंगरखा (म्हणजे टॉवेलच्या कापडाचा झगा) आणि रबरी चपला न्याव्यात. कपडे बदलण्याच्या जागा बऱ्याचदा स्त्री-पुरुषांना सामाईक असतात, परंतु तेथे बंद खोल्या असतात. तेथे कपडे काढून अंगरखा घालावा आणि तसेच सौनाच्या भागात जावे. सौनात शिरण्यापूर्वी साबणाने स्नान करून अंग पूर्ण कोरडे करावे, कारण ओल्या त्वचेला घाम उशिरा फुटतो. अंगरखा बाहेरच्या खुंटीला, चपला दाराबाहेर, आणि चष्मासुद्धा बाहेरच्या फडताळात ठेवावा. फिनिश सौनातील तापमान 80 ते 100 अंश सेल्सियस असते. त्यात धातूची काडी, अंगठी, मंगळसूत्राच्या वाट्या आणि चांदीचा करगोटा असा तापतो की चटका बसतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम टॉवेलचा आहे. घामाचा एकही थेंब लाकडावर पडता कामा नये. टॉवेल बुडाखाली घातला की काम झाले, असे नवख्याला वाटते आणि तेथेच तो चुकतो. तळपाय ज्या फळीवर टेकतात तेथेही टॉवेल हवा, आणि मागे टेकायचे असेल तर पाठीमागेही. म्हणून टॉवेल लांब घ्यावा आणि तो वरच्या फळीवरून खालच्या फळीवर पायघडीसारखा सोडावा. पहिल्या आठवड्यात मला जेवढ्या वेळा हटकले गेले, तेवढ्या वेळा कारण पायांचेच होते, देहाचे एकदाही नव्हते. लाज वाटत असल्यास दुसरा टॉवेल कमरेला गुंडाळून बसण्यास बहुतेक ठिकाणी कोणी हरकत घेत नाही. हरकत असते ती पोहण्याच्या पोशाखाला.

पहिल्या खेपेस खालच्या फळीवर बसावे, कारण वरची फळी अधिक तापलेली असते. आठ ते दहा मिनिटे पुरे होतात आणि आडवे पडले असल्यास शेवटची दोन मिनिटे उठून बसावे, नाहीतर उभे राहताना घेरी येते. बाहेर आल्यावर थोडे चालावे, गार पाण्याने अंग धुवावे आणि मगच थंड पाण्याच्या कुंडात उतरावे. घाम न धुता कुंडात उतरणे हा येथील मोठा अपराध आहे. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे पडून राहावे, पाणी प्यावे आणि इच्छा असल्यास पुन्हा जावे. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि मद्य घेतलेले असल्यास त्या दिवशी सौना टाळावी.

ठरावीक वेळी ‘आउफगुस’ होतो. सौनाचा कर्मचारी तापलेल्या दगडांवर सुगंधी तेल मिसळलेले पाणी ओततो आणि टॉवेल गरगर फिरवून ती वाफ प्रत्येकाच्या अंगावर सोडतो. त्याचे वेळापत्रक दाराशी लावलेले असते. पाच मिनिटे आधी जागा धरावी. एकदा दार लागले की आत येऊ नये, मात्र जीव घाबरला तर मुकाट्याने बाहेर पडण्यास पूर्ण मुभा असते. शेवटी सर्व जण टाळ्या वाजवतात. पन्नास विवस्त्र माणसे घामाने निथळत, अत्यंत गंभीर चेहऱ्याने टाळ्या वाजवत आहेत, हे दृश्य पहिल्यांदा पाहताना हसू आवरणे हीच काय ती खरी कसोटी असते.

एरवी सौनात शांतता पाळतात. उपाहारगृहात मात्र अंगरखा घालूनच जावे लागते. विवस्त्रता तिच्या जागी ठीक, जेवणाच्या टेबलावर नव्हे. ज्या स्त्रियांना पुरुषांसोबत बसणे नको असेल त्यांनी ‘डामेनटाग’, म्हणजे केवळ स्त्रियांसाठी राखीव दिवस, कोणता आहे ते आधी पाहून ठेवावे. अनेक सौनांमध्ये आठवड्यातून एक असा दिवस असतो.

किनाऱ्यावर आणि बागेत

एफकेकेसाठी राखून ठेवलेल्या जागांवर तशी पाटी असते. बर्लिनमधील वानझे तलावाच्या स्नानतटावर असा एक भाग आहे, बाल्टिक किनाऱ्यावर रोस्टॉकपासून र्‍युगेन बेटापर्यंत अनेक पट्टे आहेत, आणि म्युनिक शहराने 2014 साली इंग्लिश गार्डन व इझार नदीकाठ धरून सहा जागा अधिकृतपणे ठरवून दिल्या. दुपारच्या सुट्टीत बँकेतील कर्मचारी तेथे येतो, कोट घडी करून ठेवतो, अर्धा तास उन्हात पडतो आणि टाय बांधून परत जातो. ह्या जागांबाहेर, जेथे लोकांना अपेक्षा नाही अशा ठिकाणी कपडे काढल्यास दंड होऊ शकतो. तेव्हा पाटी कोठे संपते तेही पाहावे.

येथे आपली जागा ठरवून, चादर अंथरून मग कपडे काढावेत. जागा मोकळी असताना दुसऱ्याच्या शेजारी चादर टाकू नये, विशेषतः एकट्या स्त्रीच्या शेजारी तर कधीच नाही. पूर्ण कपड्यांत, काळा चष्मा लावून, वाळूवर बसून राहणारा माणूस येथे सर्वाधिक संशयास्पद ठरतो. बोलताना नजर चेहऱ्यावर असावी. दुसऱ्याच्या देहाविषयी काहीही बोलू नये, आणि हे स्तुतीलाही लागू आहे. जाडी, व्रण, गोंदण, रंग ह्यांपैकी कोणताही विषय आपण होऊन काढू नये. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही हा समज सोडून द्यावा, कारण देहाचे जे भाग जन्मात उन्हात गेलेले नाहीत ते तासाभरात भाजतात. आणि ‘उघड्यापाशी नागडे गेले, सारी रात हिवाने मेले’ ही आपली म्हण बाल्टिकच्या वाऱ्यात अगदी शब्दशः खरी ठरते. जाड सदरा पिशवीत हवाच.

न विचारले जाणारे प्रश्न

पुरुषांना सर्वांत मोठी धास्ती असते ती शरीराने भलत्या वेळी दगा देण्याची. प्रत्यक्षात नवखेपणाचा संकोच आणि उष्णता ह्यांमुळे तसे क्वचितच होते. झालेच तर टॉवेल मांडीवर घ्यावा, पालथे पडावे किंवा गार पाण्यात उतरावे. मिरवणे किंवा त्यावर विनोद करणे मात्र खपवून घेतले जात नाही, आणि मुद्दाम केलेले प्रदर्शन हा जर्मन फौजदारी कायद्यानुसार गुन्हा आहे.

पाळी असताना टॅम्पॉन किंवा कप वापरून स्त्रिया सौनात जातात आणि त्याची कोणी दखल घेत नाही. किनाऱ्यावर त्या दिवसांत चड्डी ठेवली तर त्यालाही कोणी नावे ठेवत नाही. जानवे किंवा गळ्यातील दोरा ह्यांबद्दल आजवर मला कोणी विचारलेले नाही.

चष्म्याबद्दल मात्र आपल्याच मातीतला एक जुना नियम सांगण्यासारखा आहे. 1891 साली ठाण्यात चार्ल्स क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज जिल्हा न्यायाधीशाने ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ ही संस्था काढली, जी जगातील अगदी पहिल्या नग्नतावादी संस्थांपैकी एक मानली जाते. तिचे सभासद अवघे तीन होते. नियमानुसार सभासदाने जमेल तेव्हा संपूर्ण विवस्त्र राहायचे होते, पण तीन वस्तूंना सूट होती: अंगठ्या, चष्मा आणि खोटे दात. क्रॉफर्ड ठाण्याच्या उन्हाळ्यात राहत असल्याने त्याला सौनाचा अनुभव घरबसल्या मिळत असावा, तरी चष्म्याची काडी तापण्याचा विचार त्याने केलेला दिसत नाही.

छायाचित्रांबाबत तडजोड नाही. मोबाइल सौनाच्या भागात नेऊच नये. काही ठिकाणी प्रवेशद्वारावरच कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. किनाऱ्यावर स्वतःच्या मुलाचे छायाचित्र काढतानाही मागे कोण आहे ते पाहावे लागते, आणि मोबाइल नुसता हातात उभा धरून संदेश वाचणेसुद्धा शेजाऱ्यांना अस्वस्थ करते. परवानगीवाचून असे छायाचित्र काढल्यास कायदेशीर कारवाई होऊ शकते. भारतातील मित्रांच्या गटात पाठवण्यासाठी ‘गंमत म्हणून’ घेतलेले छायाचित्रही ह्यातच मोडते.

आणखी एक इशारा, जो जर्मन सहकारी संकोचाने देत नाहीत. महामार्गालगतच्या झगमगत्या फलकांवर ज्या ठिकाणाला ‘एफकेके क्लब’ असे म्हटलेले असते, ते बहुधा वेश्यागृह असते. खऱ्या नग्नतावादी मंडळांच्या नावात ‘फेराइन’ हा शब्द किंवा त्याची नोंदणीदर्शक आद्याक्षरे असतात, तेथे कुटुंबे, व्हॉलीबॉलचे जाळे आणि वार्षिक वर्गणी असते, आणि नव्या माणसाला आधी पाहुणा म्हणून बोलावतात.

हे सारे जर्मनीपुरते. गोव्यात विवस्त्र स्नानासाठी एकही अधिकृत किनारा नाही. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या 296 व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सुट्टीत घरी गेल्यावर जर्मन मित्रांना किनाऱ्यावर नेणार असाल, तर ही माहिती त्यांना विमानात बसण्यापूर्वीच द्यावी.

आमंत्रण नाकारायचे असल्यास सर्दीचे किंवा पाहुण्यांचे निमित्त शोधू नये. "नाइन, दांके (नको, धन्यवाद), ते मला जमणार नाही," एवढे पुरते, आणि समोरचा कारण विचारत नाही. आग्रहाची सवय असलेल्या आपल्याला ते थोडे कोरडे वाटते. हवे तर पोशाख घालून गरम पाण्याच्या कुंडात बसता येते. सौना आटोपून, अंगरखा घालून, लालबुंद चेहऱ्याचा सहकारी तासाभराने उपाहारगृहात भेटतोच.