फुटलेली केबल कशी वाचायची (ग्रुपवर टाकायच्या आधी)

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर निवडणुकीच्या तोंडावर एक स्क्रीनशॉट येतोच येतो. इंग्रजीत टाइप केलेला कागद, मधल्या दोन ओळी पिवळ्या केलेल्या, वर "अमेरिकेचा गुप्त अहवाल, मीडिया दाखवणार नाही", आणि मग दोन दिवस नुसती जुंपते, एक गट म्हणतो बघा अमेरिकेनेच मान्य केलं, दुसरा म्हणतो सगळं बनावट, आणि मूळ कागद वरपासून खालपर्यंत वाचलेला माणूस त्यात एकही नाही. मी विकिलीक्सच्या (फुटलेले सरकारी कागद छापणारी वेबसाइट) केबल्स सवड मिळेल तशा वाचत असते, आधी फक्त भारताबद्दलच्या वाचायचे, मग व्यसनच लागलं. त्यातून जे हाताला लागलं ते लिहून ठेवतेय.

केबल म्हणजे वकिलातीने आपल्या राजधानीला पाठवलेला रिपोर्ट, बाकी काही नाही. नाव तारेच्या जमान्यातलं, जातं आता कॉम्प्युटरवरून. आणि आपल्याला हा प्रकार नवा नाही हो. हिंगणे घराणं दिल्लीत पेशव्यांचं वकील होतं, बादशहाच्या दरबारात कोणाची मर्जी फिरली, कोण कोणाला गुपचूप भेटलं, हे सगळं पुण्याला लिहून पाठवणं हे त्यांचं कामच होतं. आता त्यांना वकील म्हणायचं की हेर? दरबारात उघड बसायचे म्हणून वकील, बाकी पत्रं वाचली तर फरक सांगणं अवघड आहे.

तर आता कागद हातात आलाय असं धरू. सगळ्यात आधी वरचा नंबर शोधा. खऱ्या केबलला नंबर असतो, आधी साल, मग कुठून निघाली ते, मग त्या वर्षीचा अनुक्रमांक. "०९ स्टेट ८०१६३" म्हणजे २००९ साल, वॉशिंग्टनचं स्टेट डिपार्टमेंट म्हणजे अमेरिकेचं परराष्ट्र खातं, पुढचा आकडा क्रमाचा. मधे "मुंबई" असेल तर ती मुंबईच्या कॉन्सुलेटमधून, म्हणजे वकिलातीच्या शाखेतून, निघालेली, आणि तो कारभार तेव्हा ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमधून चालायचा, बीकेसीला ते २०११ मध्ये गेले. नंबरच कापलेला असेल तर टाकणाऱ्याला विचारा, नंबर मिळाला की मूळ केबल दोन मिनिटांत सापडते.

मग गुप्ततेचा शिक्का बघा. २८ नोव्हेंबर २०१० पासून विकिलीक्सने ज्या केबल्स बाहेर काढल्या त्या एकूण २,५१,२८७, त्यातल्या "सिक्रेट" फक्त १५,६५२, आणि अर्ध्याहून जास्त केबल्सवर गुप्ततेचा कसलाच शिक्का नव्हता. "टॉप सिक्रेट" त्यात एकही नाही, कारण अमेरिकन सरकारच्या ज्या नेटवर्कवरून हे सगळं उचललं त्यावर टॉप सिक्रेट ठेवतच नाहीत. म्हणजे "विकिलीक्सची टॉप सिक्रेट केबल" म्हणून त्या गठ्ठ्यातलं काही तुमच्याकडे आलं तर पुढे वाचूच नका, वेळ वाचेल. शिक्क्याजवळ "नोफॉर्न" दिसलं तर अर्थ एवढाच की परक्या देशाच्या माणसाला दाखवायची नाही. "सिपडिस" असेल तर ती त्या सामायिक नेटवर्कवर टाकायची, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर खात्याखात्यांनी माहिती एकमेकांना द्यावी म्हणून हे नेटवर्क एवढं उघडं ठेवलं होतं की बगदादजवळच्या तळावर बसलेल्या अमेरिकन लष्करातल्या बावीस वर्षांच्या चेल्सी मॅनिंगला, म्हणजे जिने या केबल्स फोडल्या तिला, दिल्लीच्या केबल्स वाचता येत होत्या. लेडी गागा असं लिहिलेल्या सीडीवर माल बाहेर गेला, हे आता सगळ्यांना पाठ आहे.

खालची सही बघून फसू नका, इथे भलेभले पत्रकार पडलेत. वकिलातीतून निघालेल्या केबलखाली राजदूताचं आडनाव येतं, मग ती एखाद्या ज्युनियर ऑफिसरने का लिहिलेली असेना. वॉशिंग्टनहून निघालेल्या केबलखाली परराष्ट्रमंत्र्याचं. त्यामुळे खाली "क्लिंटन" दिसलं म्हणजे हिलरीबाईंनी बसून टाइप केलं असं नाही.

आता खरं काम. पिवळं केलेलं वाक्य बोलतंय कोण, हे शोधा. केबलमध्ये तीन आवाज एकात एक मिसळलेले असतात, समोरचा माणूस काय म्हणाला, बाजारात काय बोललं जातंय, आणि वकिलातीला स्वतःला काय वाटतं. हे तिसरं बहुतेक वेळा शेवटी "कॉमेंट" असं लिहून वेगळं काढलेलं असतं आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमकं तेच कापलेलं असतं.

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण २०१४ चं. मार्चमध्ये विकिलीक्सचा संस्थापक ज्युलियन असांज याच्या फोटोसकट पोस्टर फिरत होती, अमेरिका मोदींना घाबरते कारण ते भ्रष्ट होऊ शकत नाहीत, अशा अर्थाची. विकिलीक्सलाच खुलासा करावा लागला की असांज असं कधी बोललाच नाही. मूळ काय होतं तर २००६ मधली मुंबई कॉन्सुलेटची केबल, गुजरात त्यांच्याच हद्दीत येतो ना, म्हणून मुंबईचे कॉन्सुल जनरल तिकडे भेटीगाठी घेत होते, आणि राजकोटच्या एका काँग्रेस नेत्याने त्यांना सांगितलं की मोदी लोकप्रिय आहेत कारण लोक त्यांना भ्रष्ट न होणारे समजतात. म्हणजे विरोधी पक्षाचा माणूस, लोकांचं मत सांगतोय, आणि अमेरिकन अधिकारी ते टिपून घेतोय. तीन पायऱ्या! पोस्टरवर येईपर्यंत तिन्ही गळून पडल्या. मी हे कोणाच्या बाजूने सांगत नाहीये, उलट्या बाजूचे स्क्रीनशॉटही असेच शिजतात.

कोण बोलतंय हे कळलं की पुढचा प्रश्न, वकिलातीला हे कळलं कसं? मुत्सद्देगिरी कुठे संपते आणि हेरगिरी कुठे सुरू होते हे मला तरी इथेच कळतं. माहिती किती स्फोटक आहे यावरून अजिबात नाही. १९६१ च्या व्हिएन्ना करारात, कलम ३ मध्ये, राजदूताच्या कामांत हे चक्क लिहिलंय की ज्या देशात बसलाय तिथे काय चाललंय ते "कायदेशीर मार्गांनी" जाणून घ्यायचं आणि आपल्या सरकारला कळवायचं. जेवायला बोलावून विचारलं, पेपर वाचले, कोणी आपणहून येऊन सांगितलं, सगळं चालतं. चोरलं, विकत घेतलं, फोडलं की नाही चालत.

तीन केसेस शेजारी ठेवून बघा. पहिली, २२ जुलै २००८ चा विश्वासदर्शक ठराव, अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून सरकार पडायला आलेलं, लोकसभेत नोटांची बंडलं फडकली ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. त्याच्या पाच दिवस आधीच्या दिल्लीच्या केबलमध्ये लिहिलं होतं की काँग्रेसच्या एका नेत्याच्या सहायकाने वकिलातीतल्या कर्मचाऱ्याला पैशांनी भरलेल्या दोन पेट्या दाखवल्या, खासदारांसाठी म्हणून. २०११ मध्ये "द हिंदू"ने ती छापली, संबंधितांनी साफ नाकारलं, संसदेत गदारोळ झाला. माहिती केवढी स्फोटक! पण वकिलातीच्या माणसाने केलं काय, तर समोरच्याने दाखवलं ते बघितलं आणि लिहून पाठवलं. ही हेरगिरी नाही. ते पैसे खरंच वाटायचे होते की अमेरिकनांसमोर आव आणला, हे केबलवरून ठरत नाही, केबल हा साक्षीदाराचा जबाब आहे, पंचनामा नव्हे.

दुसरी जुनी आहे, १९८५ ची, कूमर नारायण प्रकरण. मुंबईच्या एका कंपनीचा दिल्लीतला माणूस, त्याच्याकडे थेट पंतप्रधान कार्यालयातल्या फायली यायच्या, झेरॉक्स निघायच्या आणि सकाळपर्यंत जागेवर परत जायच्या, स्टाफला मिळायच्या थोड्या नोटा आणि व्हिस्कीच्या बाटल्या. कागद पुढे परदेशी वकिलातींत. फ्रेंच वकिलातीतल्या लष्करी विभागाच्या अधिकाऱ्याला देश सोडावा लागला, पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी राजीनामा दिला, तेच जे पुढे १९९३ पासून आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. कोर्टाचा निकाल यायला २००२ उजाडलं, तोवर नारायण वारला होता. इथे लक्षात घ्या, घेणाऱ्यांत वकिलातींत नावानिशी नेमलेले अधिकारीही होते, गाडीला निळी नंबर प्लेट, कार्डावर हुद्दा, पण माल विकत घेतलेला, त्यामुळे ही हेरगिरीच.

तिसरी ती मघाची ०९ स्टेट ८०१६३, आणि ही खरी घोळाची. ३१ जुलै २००९. अमेरिकेच्या मुत्सद्द्यांना कळवलंय की संयुक्त राष्ट्रांतल्या बड्या लोकांबद्दल काय काय गोळा करा. सुरुवातीला वाचताना काही वाटत नाही, सुरक्षा परिषदेच्या विस्ताराबद्दल कोणाचं काय मत आहे, आणि तिथेच आपला उल्लेख येतो, भारत, ब्राझील, जर्मनी, जपान हे कायम सदस्यत्वाचे "स्वतःच स्वतःला नेमलेले" दावेदार, मला तर हे वाचून हसूच आलं. हे विचारणं म्हणजे मुत्सद्द्याचं रोजचं काम. पण तीच यादी पुढे सरकत सरकत क्रेडिट कार्डाच्या नंबरांवर, विमान कंपन्यांच्या फ्रिक्वेंट फ्लायर नंबरांवर, पासवर्डांवर आणि बोटांच्या ठशांसारख्या बायोमेट्रिकवर जाते. आता मला सांगा, कुठला राजदूत जेवणाच्या टेबलावर समोरच्याला पासवर्ड विचारतो? यादी मुळात सीआयएकडून, म्हणजे अमेरिकेच्या हेरसंस्थेकडून आलेली हे नंतर बाहेर आलं, स्टेट डिपार्टमेंट म्हणालं आमचे मुत्सद्दी हेरगिरी करत नाहीत. पण कागद एकच आणि ज्यांना पाठवला ती माणसंही तीच. म्हणून सांगते, अख्ख्या केबलवर एक लेबल चिकटवू नका, प्रत्येक मुद्द्यापुढे "हे सरळ मार्गाने कळू शकतं का" एवढं पेन्सिलने लिहा, कुठे गाडी घसरली ते आपोआप दिसतं.

सरकार काय म्हणतं तेही वाचता आलं पाहिजे. "आपल्या अधिकृत दर्जाला न शोभणाऱ्या हालचाली" असं परराष्ट्र खात्याने म्हटलं की समजायचं, हेरगिरी. १३ मे २०२५ ला दिल्लीतल्या पाकिस्तानी हायकमिशनच्या एका अधिकाऱ्याला हेच शब्द लावून २४ तासांत निघायला सांगितलं, २१ मे ला आणखी एकाला. यापेक्षा जास्त ते सांगत नाहीत, आणि करारातलं कलम ९ म्हणतं की कारण द्यायची गरजच नाही. अटकही नाही, मुत्सद्द्याला घरी पाठवता येतं, बस. अडकतो तो त्याला माहिती देणारा इथला माणूस.

दुसरी भाषा म्हणजे "आम्ही दुजोरा देऊ शकत नाही". २०११ मध्ये मनमोहन सिंग संसदेत म्हणाले की अशा केबलचा खरेपणा काय, मजकूर काय, ती अस्तित्वात आहे की नाही याचीही पुष्टी सरकार करू शकत नाही. याला नकार समजू नका आणि कबुलीही समजू नका, दोन्ही बाजूंचे लोक लगेच आपापला अर्थ लावतात.

कधीकधी तर सरकारवाला स्वतःच कागद फडकवतो. २७ मार्च २०२२ ला इम्रान खानने भर सभेत खिशातून कागद काढला, प्रकरण वॉशिंग्टनमधल्या पाकिस्तानी राजदूताच्या केबलचं, म्हणाला माझं सरकार पाडायचा परदेशी कट आहे. पुढे त्याच केबलवरून जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली आणि जूनमध्ये हायकोर्टाने त्या खटल्यात निर्दोषही ठरवलं. लावलेला कायदा कुठला, तर १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, इंग्रजांनी केलेला, फाळणीत दोघांच्या वाट्याला आलेला, आपल्याकडेही तोच चालू आहे.

तेव्हा आपल्या सरकारचा फुटलेला कागद हातात आला तर जरा सांभाळून. या कायद्याच्या कलम ५ मध्ये देणाराच नाही तर जाणूनबुजून घेणाराही येतो. २०१९ मध्ये राफेल विमानखरेदीची कागदपत्रं छापून आली तेव्हा सरकारने कोर्टात आधी सांगितलं चोरीला गेली, मग दोन दिवसांनी म्हणे चोरी नाही, फोटोकॉपी. सुप्रीम कोर्टाने १० एप्रिलला सरकारचा आक्षेप फेटाळला आणि ते कागद विचारात घेतले. पण ते मोठं वर्तमानपत्र होतं, मागे वकिलांची फौज, तुमच्यामागे ग्रुप ॲडमिन. मॅनिंगवर "शत्रूला मदत" हा आरोप टिकला नाही तरी हेरगिरीच्या कायद्याखालीच दोषी ठरवून ३५ वर्षं दिली होती, ओबामाने जाता जाता शिक्षा कमी केली म्हणून २०१७ मध्ये सुटका झाली. फोडणारा आणि हेर यांत तुम्ही-आम्ही फरक करतो, कायदा फारसा करत नाही.

आणि एक राहिलंच. केबलमध्ये काही नावांपुढे कंसात लिहिलेलं असतं, नाव कडक गुप्त ठेवा, अशा अर्थाचं. हे मंत्रीबिंत्री असतीलच असं नाही, कुठला स्थानिक पत्रकार, कार्यकर्ता, प्राध्यापक, जो चहावर बसून मोकळेपणाने बोलला. सुरुवातीला वर्तमानपत्रांनी ही नावं झाकली होती, पण सप्टेंबर २०११ मध्ये सगळा गठ्ठा नावांसकट उघडा पडला. तेव्हा स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर नंबर ठेवा, कॉमेंट ठेवा, आणि असं नाव दिसलं तर फोनमधल्या त्या काळ्या ब्रशने पूर्ण झाका, हायलायटरने नको, ब्राइटनेस वाढवला की खालचं वाचता येतं.