घरगुती कार्यातील टेबलांची मांडणी : या चुका टाळा

बारसे, साखरपुडा, केळवण, निवृत्तीचा समारंभ किंवा पन्नाशीचा वाढदिवस अशी पन्नास ते शंभर माणसांची कार्ये बऱ्याचदा सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर होतात. तेथे मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक नसल्यामुळे टेबले कोठे आणि कशी लावायची हे घरातल्याच कोणाला तरी ठरवावे लागते. गेली काही वर्षे आमच्या नात्यात आणि सोसायटीत हे काम माझ्याकडे आलेले आहे. स्वयंपाक बिघडल्यामुळे फसलेली कार्ये मी फार थोडी पाहिली, मांडणी चुकल्यामुळे पाहुण्यांचे हाल झालेली मात्र पुष्कळ पाहिली. रिकामे टेबल फोटोत कसे दिसेल याचा विचार तेथे झालेला होता. हातात भरलेले ताट घेतलेला माणूस तेथून कसा जाईल याचा झालेला नव्हता.

माणसे मोजली, जागा मोजली नाही

मंडपवाल्याला फोन करून ‘पन्नास माणसांची टेबले-खुर्च्या पाठवा’ एवढेच सांगणे ही पहिली चूक होय. भाड्याने मिळणारे घडीचे टेबल साधारणपणे ६ फूट लांब, २ ते अडीच फूट रुंद आणि ३० इंच उंच असते. जेवायला बसलेल्या माणसाला टेबलाच्या कडेची निदान २ फूट जागा लागते, म्हणजे अशा टेबलाच्या एका बाजूला तीनच माणसे नीट बसतात. आग्रहाने चौथी खुर्ची सरकवली की प्रत्येकाच्या वाट्याला दीड फूट येते. त्यात १२ इंची ताट मावते, पण भात कालवणाऱ्याचे कोपर शेजाऱ्याच्या वाटीत जाते. हातांची प्लॅस्टिकची खुर्चीच २२ ते २४ इंच रुंद असल्यामुळे ती चौथी खुर्ची मुळात बसतही नाही, म्हणून जेवणाच्या टेबलांसाठी बिनहाताच्या खुर्च्या मागवाव्यात. गोल टेबले असतील तर ५ फूट व्यासाच्या टेबलाभोवती आठ आणि ६ फूट व्यासाच्या टेबलाभोवती दहा माणसे धरावीत.

टेबलांमधले अंतर तर बहुतेक ठिकाणी मोजलेच जात नाही. बसलेल्या माणसाची खुर्ची टेबलाच्या कडेपासून साधारण दीड फूट मागे येते. पाठीला पाठ करून बसणाऱ्या दोन रांगांच्या खुर्च्यांचेच ३ फूट होतात आणि मधून पातेले घेऊन जाणाऱ्या वाढप्याला आणखी ३ फूट लागतात, म्हणून अशा दोन समांतर टेबलांच्या कडांमध्ये ६ फूट मोकळे सोडावेत. हे सगळे धरून दर माणशी १० ते १२ चौरस फूट जागा लागते. ३० फूट बाय २० फूट गच्चीवर एका वेळी पन्नास माणसे टेबलावर बसतात, पण पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि वाढपाचे टेबल वजा केल्यावर चाळीससुद्धा अवघड होतात. अशा वेळी टेबले जवळजवळ कोंबण्यापेक्षा दोन पंगती करणे शहाणपणाचे ठरते.

टेबलावरच पंगत वाढायची असेल तर कार्यालयात असतात तशी दीड फूट रुंदीची अरुंद टेबले मागावीत, माणसे एकाच बाजूला बसवावीत आणि वाढपी समोरून फिरवावेत. दोन्ही बाजूंना माणसे बसवली की वाढप्याला जेवणाऱ्याच्या खांद्यावरून आमटी वाढावी लागते आणि त्याचे परिणाम रेशमी साड्यांवर दिसतात. केळीच्या पानाचा बेत असेल तर आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा: शेंडा डावीकडे करून आडवे मांडलेले पान दोन फुटांहून लांब असेल तर शेजारची पाने एकमेकांवर चढतात, म्हणून पाने आधीच मापाने कापून घ्यावीत.

गच्चीचा ढाळ आणि पाण्याचा जार

गच्चीचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून त्याला पन्हळीकडे ढाळ दिलेला असतो. रिकाम्या टेबलावर तो कळत नाही. वाढपाच्या भांड्यात मात्र रस्सा एका कडेला जमतो, भाजीच्या फोडी दुसऱ्या कडेला उघड्या पडतात आणि टेबलाचा एक पाय अधांतरी राहून ते डुगडुगते. ढाळाच्या दिशेने टेबल उभे लावण्यापेक्षा ढाळाला आडवे लावले तर पायांच्या उंचीत पडणारा फरक कमी होतो, कारण टेबलाची रुंदी लांबीपेक्षा पुष्कळ कमी असते. उरलेला फरक पायाखाली लाकडी पाचर किंवा प्लायचा तुकडा देऊन काढावा. पुठ्ठ्याची घडी घालण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही, कारण सांडलेले पाणी पिऊन पुठ्ठा तासाभरात बसतो.

हे मी अनुभवाने शिकलो. भाचीच्या मुलीच्या बारशाला आम्ही गच्चीवर पाण्याचे तीन जार एका घडीच्या टेबलावर ओळीने ठेवले होते. २० लिटरच्या एका जारमध्ये २० किलो पाणी असते, म्हणजे त्या टेबलावर साठ किलोंहून अधिक भार होता, आणि तोही ग्लास भरायला सोपे जावे म्हणून कडेला, पायांच्या बाहेर. घडीच्या टेबलाच्या पायांना जी आडवी पट्टी असते, तिच्यावरची कडी खाली सरकवल्याशिवाय पाय पक्के होत नाहीत; ती कडी एका बाजूला सरकवायची राहिली होती. पाळण्याची गाणी चालू असताना पाय दुमडला, टेबल गुडघ्यावर बसल्यासारखे पुढे झुकले आणि पाणी सतरंजीखालून थेट पाळण्यापर्यंत गेले. मुलीच्या आत्याबाईंनी ‘पाण्याने पाय धुतले, चांगला शकुन’ असे म्हणून वेळ मारून नेली, पण जार टेबलावर ठेवायची माझी हौस त्या दिवशी संपली. जारसाठी लोखंडी स्टँड मागवावा किंवा ते पक्क्या बाकावर ठेवावेत, आणि प्रत्येक टेबलाची कडी कापड घालण्यापूर्वी स्वतः हाताने तपासावी, कारण झालर लावल्यानंतर ती कोणालाच दिसत नाही.

बुफेची रांग का अडते?

बुफे म्हटले की सगळे पदार्थ एका लांब टेबलावर, भिंतीला टेकवून मांडायचे, अशी पद्धत पडून गेली आहे. सगळ्यांत जास्त गैरसोय याच मांडणीत होते, म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहू.

रांग ही सर्वांत हळू पदार्थाच्या वेगाने चालते. पुरी चिमट्याने उचलायला, किंवा आमटीसाठी वाटी शोधून ती ताटात ठेवून ओगराळ्याने भरायला एका माणसाला पंधरा सेकंद लागत असतील, तर मिनिटाला चारच माणसे पुढे सरकतात आणि शंभरावा माणूस पंचवीस मिनिटे रांगेत उभा राहतो. बाकीचे पदार्थ कितीही भराभर घेता आले तरी या हिशेबात फरक पडत नाही. म्हणून टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असे लावावे, प्रत्येक भांड्यात दोन डाव ठेवावेत, आणि हळू पदार्थाच्या मागे एक माणूस उभा करावा. पुऱ्या, जिलेबी आणि आमटी हे तीन पदार्थ वाढप्याच्या हातात दिले तर रांग निम्म्या वेळात संपते असा माझा अनुभव आहे. डोसा किंवा पुरणपोळी तव्यावरून गरम द्यायची असेल तर ते टेबल रांगेच्या बाहेर, निदान दहा फूट दूर असावे.

दुसरे अडथळे आपल्या ताटाच्या डाव्या बाजूतून येतात. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर, पापड अशा सहा-सात गोष्टी प्रत्येकजण छोट्या चमच्याने चिमूट-चिमूट घेतो आणि मागचे ताटकळतात. पंगतीत त्या आधी वाढल्या जातात म्हणून बुफेतही त्या रांगेच्या तोंडाशी ठेवायच्या, हा हट्ट सोडावा. मीठ, लिंबू, लोणचे आणि चटणी यांच्या लहान वाट्या जेवणाच्या प्रत्येक टेबलावर ठेवाव्यात. त्यामुळे रांगही मोकळी होते आणि फक्त लिंबाच्या फोडीसाठी कोणी रांगेत मधेच घुसत नाही.

ताटे सुरुवातीला आणि चमचे व कागदी रुमाल अगदी शेवटी ठेवावेत. एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात डाव असताना चमचा धरायला तिसरा हात कोणालाच नसतो. पाण्याचे टेबलही याच कारणाने रांगेला चिकटवू नये. ते रांग संपल्यानंतर बसण्याच्या जागेकडे जाताना लागेल असे ठेवावे, म्हणजे पाणी पिणारे आणि वाढून घेणारे एकमेकांवर आदळत नाहीत.

ताट निवडतानाही चूक होते. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्मोकोलच्या आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी आली आणि त्यांच्या जागी कागदी ताटे आली, पण उभ्याने जेवताना पातळ कागदी ताट रश्श्याने मऊ होऊन मध्येच वाकते. पोफळीच्या विरीची (सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाची) ताटे किंवा भाड्याची स्टीलची ताटे घ्यावीत. निदान कागदी ताटे दोन-दोन देण्याची वेळ येईल हे धरून मागणी करावी.

कापड, टाचण्या आणि ज्योत

६ फूट बाय अडीच फूट टेबल सगळ्या बाजूंनी जमिनीपर्यंत झाकायला १३२ इंच बाय ९० इंच कापड लागते. वाढपाच्या टेबलाला ते शोभते, कारण खाली ठेवलेली खोकी झाकली जातात. जेवणाच्या टेबलाला मात्र कापड कडेपासून ८ ते १० इंचांपेक्षा खाली येऊ देऊ नये. लांब कापड खुर्चीच्या पायात अडकते आणि एक माणूस उठला की शेजाऱ्याचे ताट त्याच्याबरोबर निघते. झालर टाचण्यांनी लावणे तर पूर्ण बंद करावे. भाजीत सापडलेल्या एका टाचणीने सगळ्या कार्यावर पाणी पडते. सेफ्टी पिना किंवा टेबलाच्या क्लिपा वापराव्यात. गच्चीवर वारा असेल तर कापडाच्या चारही कोपऱ्यांना आतून वजन बांधावे. ऐन वेळी काही मिळाले नाही तर वाळवणाचे चिमटेही चालतात, फक्त ते फोटोच्या बाजूला येऊ देऊ नयेत.

साटिनचे कृत्रिम कापड ज्योतीजवळ वितळते आणि पेटते. औक्षणाचे तबक आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या अशा कापडाच्या कडेला, त्यातही चालू पंख्याखाली ठेवू नयेत. चेफिंग डिश म्हणजे खाली ज्योत ठेवून बुफेतले अन्न गरम ठेवायचे भांडे. तिच्या खालच्या पेटत्या जेलच्या डब्यांनाही हेच लागू आहे. वाऱ्याने ज्योत आडवी होते, भांडे तापत नाही आणि झालर मात्र तापते, म्हणून वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावावा.

अन्न फार आधी मांडणे

चेफिंग डिश गरम अन्न गरम ठेवते, गार अन्न गरम करीत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिच्या खालच्या पात्रात आधी उकळते पाणी घालून मगच वरच्या भांड्यात गरम भाजी ओतावी. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर आणि दह्याचे पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. ते शक्य नसेल तर अन्न दोन तासांपेक्षा, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा अधिक वेळ टेबलावर ठेवू नये. आपल्याकडे मुहूर्त साडेबाराचा, पाहुणे एकचे आणि सत्काराची भाषणे दोनपर्यंत, असा प्रकार असल्यामुळे बारा वाजता मांडलेली कोशिंबीर आणि श्रीखंड मे महिन्यात केव्हाच धोक्याच्या हद्दीत गेलेले असते. म्हणून भांडी आणि डाव आधी मांडून ठेवावेत, अन्न शेवटच्या दहा मिनिटांत आणावे, कोशिंबिरीचे भांडे बर्फाच्या परातीत ठेवावे, आणि एकदम सगळे न ओतता निम्मे निम्मे काढावे. संपत आलेल्या भांड्यात वरून नवे ओतणे टाळून भांडेच बदलावे.

ज्यांना उभे राहता येत नाही

बुफे आहे म्हणून खुर्च्या भिंतीला लावून टाकल्या की आजी-आजोबांना मांडीवर ताट घेऊन जेवावे लागते. पाहुणे कितीही असले तरी आठ-दहा खुर्च्यांचे एक टेबल वाढपाजवळ, पंख्याखाली आणि जिन्यापासून फार दूर नाही असे राखून ठेवावे, आणि तेथे वाढायला घरातलाच एखादा मुलगा नेमावा. त्या टेबलापर्यंतची वाट ३ फूट रुंद असावी, म्हणजे चाकांची खुर्ची आणि वॉकर दोन्ही जातात. पंख्याची वायर या वाटेवरून जात असेल तर ती चिकटपट्टीने जमिनीला लावून टाकावी.

ही सगळी मांडणी कागदावर आखण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी खडूने जमिनीवर आखावी. एका ताटात काठोकाठ पाण्याने भरलेली वाटी ठेवून ते ताट घेऊन रांगेपासून बसण्याच्या जागेपर्यंत आणि तेथून हात धुण्याच्या नळापर्यंत स्वतः चालून पाहावे. पाणी जेथे सांडते तेथे दुसऱ्या दिवशी आमटी सांडणार असते. खरकट्याचा टब याच फेरीत ठरवावा: नळाच्या अलीकडे, सहज दिसेल असा, पण जेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नाही. टब सापडला नाही की लोक ताटे पहिल्या रिकाम्या टेबलावर ठेवतात आणि नंतर सगळेच तेथे ठेवतात.

कार्य आटोपल्यावर कापडे आणि कागदाचे रोल गुंडाळण्यापूर्वी चमचे आणि डाव मोजून घ्यावेत. खरकट्याबरोबर कागदात गुंडाळले गेलेले चमचे थेट कचऱ्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी सामान न्यायला आलेला मंडपवाला ते बिलात लावतो. आमच्या बारशाच्या वेळचे अकरा चमचे मी अजून विसरलेलो नाही.