बिल्डच्या आउटपुटला एडिटरमध्ये टर्मिनलचे रंग कसे द्यावेत

टर्मिनलमध्ये जीसीसी हा कंपायलर चालवला की चूक ठळक लाल आणि इशारा जांभळट दिसतो. तोच बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया) एडिटरमधून चालवला की सगळा मजकूर एकरंगी होतो किंवा त्यात चौकटी कंस आणि आकडे विखुरलेले दिसतात. या दोन लक्षणांची कारणे वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे करावे लागतात.

एकरंगी आउटपुटचे कारण असे, की आपले आउटपुट टर्मिनलवर जात आहे की पाइपमध्ये (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडे), हे बहुतेक साधने तपासतात आणि पाइप दिसला की रंग बंद करतात. एडिटरने बिल्डला आभासी टर्मिनल दिले तर रंग परत येतात, पण त्याबरोबर प्रगतीच्या पट्ट्या आणि कर्सर हलवण्याच्या आज्ञाही येतात. त्यामुळे साधनालाच स्पष्टपणे रंग मागणे मला अधिक योग्य वाटते. जीसीसीला आवृत्ती ४.९ पासून ‘डायग्नॉस्टिक्स-कलर’ हा पर्याय आहे, त्याला ‘ऑलवेज’ हे मूल्य द्यावे. निंजा (बिल्ड चालवणारे एक साधन) मात्र स्वतःचे आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तर कंपायलरने दिलेले रंगही काढून टाकतो. तेथे ‘सीएलआयकलर-फोर्स’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करावे लागते. ही सेटिंग एडिटरने सुरू केलेल्या प्रोसेसपुरतीच ठेवावी. ती मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या आज्ञांच्या फाइलीत, लिहिली तर लॉगच्या फाइलींमध्येही रंगांचे संकेत साठत जातात.

आता खरे काम: रंगांचे संकेत जसेच्या तसे छापले की कंस आणि आकडे दिसतात, म्हणून ते वाचून एडिटरमध्ये रंग लावणारा फिल्टर लिहावा लागतो. रंगाचा संकेत २७ क्रमांकाच्या एस्केप वर्णाने सुरू होतो, त्यानंतर उघडा चौकटी कंस, अर्धविरामांनी विभागलेले आकडे आणि शेवटी लहान ‘एम’ येतो. ० म्हणजे सर्व शैली रद्द, १ म्हणजे ठळक, ३० ते ३७ अक्षरांचे रंग, ४० ते ४७ पार्श्वभूमीचे आणि ९० ते ९७ उजळ रंग. आकडा दिलेलाच नसेल तर तो ० समजावा. ३८ आला की पुढचे आकडे त्याच्यासोबतच वाचावे लागतात: त्यानंतर ५ असेल तर पुढचा एक आकडा २५६ रंगांच्या तक्त्यातला असतो, २ असेल तर पुढचे तीन आकडे लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण सांगतात. हे आकडे सुटे वाचणारा फिल्टर रंगाऐवजी भलतीच शैली लावतो.

जीसीसी रंगाच्या संकेतानंतर ओळीचा उरलेला भाग पुसण्याचा, ‘के’ अक्षराने संपणारा संकेतही पाठवतो. त्यामुळे फक्त ‘एम’ ओळखणाऱ्या फिल्टरमधून कचरा सुटून पडद्यावर येतो. चौकटी कंसाने सुरू होणारा प्रत्येक अनोळखी संकेत ६४ ते १२६ यांमधील अंतिम वर्ण येईपर्यंत वाचून टाकून द्यावा.

सर्वांत जास्त काळजी तुकड्यांच्या सीमेवर घ्यावी लागते. प्रोसेसचे आउटपुट कोठेही तुटून येते, कधी संकेताच्या मधोमधही, म्हणून अपुरा संकेत राखून ठेवून पुढच्या तुकड्याला जोडावा आणि चालू शैलीही लक्षात ठेवावी. नवा बिल्ड सुरू करताना मात्र दोन्ही रिकामे करावेत.

फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक शोधणारा पॅटर्न नेहमी संकेत काढलेल्या मजकुरावर चालवावा आणि रंग त्या स्वच्छ मजकुरातील स्थानांनुसार वेगळे साठवावेत. हा क्रम उलटला, तर रंग दिसतात पण चुकीवर क्लिक करून त्या ओळीवर जाता येत नाही, आणि माझ्या मते तो सौदा कधीच परवडत नाही. मूळ सोळा रंग एडिटरच्या थीममधून घ्यावेत, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवर टर्मिनलचा पिवळा वाचता येत नाही.

ईमॅक्स या एडिटरची २८ किंवा त्यापुढील आवृत्ती वापरणाऱ्यांना हा फिल्टर लिहावा लागत नाही. ‘अ‍ॅन्सी-कलर-कंपायलेशन-फिल्टर’ हे तयार फंक्शन ‘कंपायलेशन-फिल्टर-हूक’ मध्ये (बिल्डचे आउटपुट आले की चालणाऱ्या फंक्शनांच्या यादीत) जोडले की पुरते.

स्वतः लिहिलेला फिल्टर तपासण्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट करावी, जी एस्केप वर्ण आणि कंस छापून क्षणभर थांबते, मग आकडे आणि ‘एम’ छापते आणि शेवटी दोन ओळींवर पसरलेला लाल मजकूर देते. दोन्ही ओळी लाल दिसल्या आणि कंस कोठेही दिसला नाही, तरच मोठ्या प्रकल्पाचा बिल्ड चालवावा.