स्लिम डिजिटल कॅमेरा वापरताय? नागपूरच्या उन्हाधुळीत या चुका टाळा

कपाटात पडून राहिलेले छोटे डिजिटल कॅमेरे पुन्हा खिशात दिसू लागलेत. ते बिघडतात त्याचं मूळ बहुतेक वेळा त्यांच्या बारीकपणातच असतं. २००२ साली आलेला कॅसिओचा एक्झिलिम एस१ जेमतेम ११.३ मिलिमीटर जाड होता, पण त्यात लेन्सचा झूमच नव्हता. झूमही हवा आणि जाडीही नको म्हटल्यावर कंपन्यांनी दोन वाटा काढल्या. मिनोल्टाच्या डायमाज एक्सने आणि पुढे सोनीच्या टी मालिकेने प्रिझम लावून प्रकाश काटकोनात वळवला आणि लेन्स बॉडीच्या आतच ठेवली. कॅननच्या आयक्ससने एकात एक सरकणाऱ्या नळ्या घेतल्या. पेंटॅक्सच्या ऑप्टिओ एसने २००३ मध्ये त्यावरही कडी केली: बंद करताना भिंगांचा एक गट चक्क बाजूला सरकतो. आपला कॅमेरा यातल्या कोणत्या जातीचा, हे आधी बघून घ्या.

लेन्स अडकली की जोर लावू नका

नळीवाल्या कॅमेऱ्याचा हा ठरलेला आजार. नळ्यांमध्ये तिरप्या खाचा असतात, त्यांतून प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्या सरकतात आणि सगळं एका चिमुकल्या मोटरवर चालतं. पेंचच्या कच्च्या रस्त्यावरची धूळ किंवा वाळूचा एक कण मध्ये आला की मोटर अडते आणि स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ येतं. खिशात असताना चुकून बटण दाबलं गेलं, लेन्सला बाहेर यायला जागा मिळाली नाही, तरी हेच होतं.

आधी बॅटरी काढून पूर्ण चार्ज करा, कारण उतरलेल्या बॅटरीवरही लेन्स अर्ध्यात थांबते. मग लेन्स जमिनीकडे करून रबरी ब्लोअरने नळीच्या कडेने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. तरीही नाही हललं, तर साध्या कागदाची पट्टी दोन नळ्यांमधल्या फटीतून गोल फिरवा आणि कॅमेरा चालू करून बघा. नळी एका बाजूला कललेली दिसली तर खुंटी खाचेतून निघाली आहे; मग थांबा. तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे तर अजिबात नको, तो ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांवर पसरतो आणि मग दुरुस्तीत राम राहत नाही. स्क्रू खोलायचाही मोह आवरा. फ्लॅशची वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढली तरी तो काही काळ टिकतो.

प्रिझमवाल्यांना ही कटकट नाही. त्यांची लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, त्यामुळे डाव्या हाताचं बोट फोटोत येतं किंवा काचेवर डाग पाडतं, एवढंच.

नवतपा आणि गाडीची डिक्की

बहुतेक मॅन्युअलमध्ये वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपूरची सावलीच त्याच्या पुढे जाते. स्कूटरच्या डिक्कीचं तर बोलायलाच नको. उष्णतेने बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी कप्प्यात कोंबू नका, चार्जही करू नका.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००५ मध्ये उघड झालं की सोनीने बनवलेले काही सीसीडी सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या जुन्या धाटणीच्या चिप, गरम, दमट हवेत निकामी होतात. हे सेन्सर कॅनन, निकॉन, फुजीफिल्म अशा अनेकांच्या कॅमेऱ्यांत होते. लक्षणं अशी: जुने फोटो आणि मेन्यू स्वच्छ दिसतात, पण शूटिंग मोडवर चित्र काळं, जांभळट किंवा रेषारेषांचं येतं. हा दोष सेटिंगने जात नाही. भर उन्हात चकाकणाऱ्या वस्तूतून निघणारी एकच उभी पांढरी रेघ मात्र सीसीडीचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

उन्हाळ्यात कूलरची दमट हवा, नंतर पावसाळा. लेन्सवर बुरशी धरायला एवढं पुरतं. चामडी पाऊच ओल धरून ठेवतो. त्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, बॅटरी बाहेर काढून आणि निम्मी चार्ज करून.

कार्ड आणि बॅटरी

‘कार्ड एरर’ आला की लोक कॅमेऱ्याला दोष देतात. जास्त जागेचं एसडीएचसी कार्ड २००६ मध्ये आलं. त्याआधीच्या कॅमेऱ्यांना साधं एसडी, म्हणजे २ जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं. ३२ जीबीचं कार्ड त्यांत चालणारच नाही. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा आणि कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी वर आहे ना, ते बघा. ऑलिम्पस-फुजीचं एक्सडी किंवा सोनीचं मेमरी स्टिक लागणारा कॅमेरा कार्डासकट मिळत असेल तरच घ्या.

बॅटरीवरचे आकडे जपून वाचा. कॅननच्या मूळ एनबी-४एल बॅटरीची साठवण ७६० एमएएच. त्याच आकारात १५०० लिहिलेली दिसली तर ती थाप समजा.

फोटो बिघडतात ते इथे

अशा कॅमेऱ्यांतला ‘१/२.३ इंची’ सेन्सर (हे नुसतं नाव) प्रत्यक्षात सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. म्हणून आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडू नका. जुन्या कॅमेऱ्यात ४०० च्या पुढे दाणे दिसतात. मेगापिक्सेल जास्त असल्याने यात फरक पडत नाही. २०१२ च्या सोनी आरएक्स१०० मध्ये सेन्सरच १३.२ × ८.८ मिलिमीटरचा आहे, क्षेत्रफळ चौपट; तिथे गोष्ट वेगळी.

फ्लॅश लावून झूम करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. झूम केल्यावर लेन्सचं छिद्र एफ/२.८ वरून एफ/५.६ वर गेलं (आकडा मोठा, छिद्र लहान) की प्रकाश पाव होतो आणि फ्लॅशची पोच निम्मी. तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी पोरांचे फोटो काढायचे तर झूम मागे घ्या आणि दोन पावलं पुढे जा.

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर जे दिसेल ते करडं करायला बघतो. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट फ्रेमभर घेतला की तो मळका येतो, एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ करा. मिरवणुकीतला काळ्या मारबतीचा पुतळा फ्रेमभर घेतला तर उलट, -०.७, नाहीतर तो राखाडी दिसतो. मारबतीच्या गर्दीत बटण एकदम दाबू नका. अर्धं दाबून फोकस धरा, मग पूर्ण. लांबचं सगळं धूसर येत असेल तर फुलाचं चिन्ह, म्हणजे मॅक्रो, चालू राहिलंय का बघा.

घेताना दुकानातच

स्वतःचं कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी न्या. लेन्स पाच-सहा वेळा आतबाहेर करा, आवाज एकसारखा हवा. पांढऱ्या भिंतीचा फोटो पूर्ण झूमवर काढा. ठरावीक जागी करडे ठिपके आले तर सेन्सरवर धूळ आहे आणि ती बाहेरून पुसता येत नाही. तारीख लावून बॅटरी काढा, पाच मिनिटांनी परत घाला. तारीख पुसली गेली तर आतली छोटी बॅटरी रिकामी असू शकते; मुख्य बॅटरी दिवसभर आत ठेवल्यावर ती बहुधा भरते, त्यामुळे एवढ्यावरून सौदा मोडायची गरज नाही.