इम्प्रॉव्ह शोमध्ये सजेशन कसं मागायचं आणि मिळाल्यावर त्याचं काय करायचं

इम्प्रॉव्ह म्हणजे स्क्रिप्टशिवाय, स्टेजवर आयत्या वेळी रचलेले सीन, आणि सजेशन म्हणजे त्यासाठी प्रेक्षकांकडून मागितलेला शब्द किंवा विषय. होस्ट पुढे येतो आणि जोरात म्हणतो, "चला, एक शब्द द्या, कुठलाही!" हॉलमधून उत्तर येतं "केळं", नाहीतर "संडास", नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचं नाव, आणि मग विंगेत टीम वैतागते की आपलं पब्लिकच असलं. मला हे अजिबात पटत नाही. अंधारात बसलेल्या माणसाकडे तुम्ही दोन सेकंदात 'कुठलाही' शब्द मागितला तर तो डोक्यात येईल ते नाहीतर शेजारचा मित्र हसेल ते बोलणार, दुसरं काय करणार? सजेशन हाताळण्याचं निम्म्याहून जास्त काम ते मागण्यातच आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक टीम नेमकी त्याचीच तालीम करत नाहीत.

प्रश्न असा विचारा की उत्तर समोरच्याच्या आयुष्यातून यावं. "तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे जी बंद पडलीये पण कुणी टाकू देत नाही?" असं विचारलं की बाबांचा रेडिओ येतो, आजीचं शिलाई मशीन येतं, आणि त्या वस्तूसोबत माणसं पण आपोआप येतात. "सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेवटचं भांडण कशावरून झालं?" हा पण चांगला प्रश्न आहे, पुण्या-मुंबईत तर विचारायचा अवकाश, चार हात वर होतात. "आजोबा काय काम करायचे?" पण मस्त चालतो. फक्त उदाहरण देऊ नका, कारण तुम्ही "म्हणजे समजा एसटी स्टँड" म्हणालात की पुढची तीन उत्तरं रेल्वे स्टेशन, एअरपोर्ट आणि रिक्षा स्टँड असणार. प्रश्न विचारून गप्प उभं राहा, तीन-चार सेकंद. ही शांतता होस्टला फार लांब वाटते आणि तो घाबरून मध्येच बोलायला लागतो, पण लोक तेव्हा खरंच विचार करत असतात, त्यांना करू द्या.

नाहीच आलं काही तर प्रश्न सोपा करा किंवा एकाच बाजूला विचारा, "या डावीकडच्या दोन रांगांमधून कुणीतरी". आपल्याकडे बरेच लोक मोठ्याने बोलायला लाजतात, त्यासाठी चिठ्ठ्या बेस्ट. शोच्या आधी दारातच कागद-पेन ठेवायचं, एक वाक्य लिहून घ्यायचं, आणि होस्टने एकट्याने त्या चाळून फक्त घाणेरड्या तेवढ्या बाजूला काढायच्या, नटांना एकही दाखवायची नाही.

सजेशन आलं की ते मोठ्याने परत म्हणा. शेवटच्या रांगेला ते ऐकूच गेलेलं नसतं, बऱ्याचदा तुमच्या टीमला पण नाही. पहिलं जे स्पष्ट ऐकू आलं आणि चालण्यासारखं आहे ते घ्या, थँक्यू म्हणा आणि सुरू करा. पाच-सहा सजेशन्स ऐकून त्यातलं एक निवडलं की लोकांना वाटतं यांचं आधीच ठरलेलं होतं, आणि एकदा हा संशय आला की पुढचा सगळा शो तो डोक्यात राहतो. आणि आपल्याच मित्राला तिसऱ्या रांगेत बसवून ठरलेला शब्द ओरडायला लावणं, हे कृपा करून कधीच करू नका. लोक तुमच्यावर विश्वास ठेवून आलेत की हे आत्ता इथेच घडतंय, त्या विश्वासावरच तर शो चालतो. तोच शब्द मागच्या शोला झाला असेल तर सरळ सांगा, "हे आम्ही नुकतंच केलंय, दुसरं द्या", कुणाला काही वाटत नाही.

आता नको असलेलं सजेशन. जात, धर्म, कुणाचं शरीर, हॉलमधल्याच कुणाची टिंगल, असलं काही आलं तर चिडायचं नाही, लेक्चर द्यायचं नाही, "हे नको, अजून एक" म्हणून दुसऱ्या बाजूला वळायचं. हे काम होस्टचंच आहे. त्याने ते घेऊन टीमच्या गळ्यात मारलं तर सीनमधल्या नटांना एकतर ते निभवावं लागतं नाहीतर लोकांसमोर टाळावं लागतं, आणि दोन्हीत सीन जातो. प्रेक्षकाला स्टेजवर बोलावून त्याच्या दिवसावर सीन करणार असाल तर अजून जपा. लग्न का नाही झालं, मूल कधी, पगार किती, हे प्रश्न आपल्याकडे सहज विचारले जातात पण माईकवर ते लागतात. सीनमध्ये त्या माणसाला हिरो करा, हसायचंच असेल तर त्याच्या ऑफिसवर, त्याच्या ट्रॅफिकवर हसा.

मिळालेल्या सजेशनचं काय करायचं हे फॉरमॅटवर आहे. छोट्या गेममध्ये ते पहिल्या तीन-चार वाक्यांतच दिसू द्या, लोक त्याचीच वाट बघत असतात. लाँग फॉर्मची, म्हणजे एकाच सजेशनवरून सलग चालणाऱ्या लांब तुकड्याची, गोष्ट वेगळी. शिकागोत १९५५ मध्ये सुरू झालेले कंपास प्लेयर्स आणि १९५९ मधलं सेकंड सिटी या इम्प्रॉव्ह ग्रुपनी प्रेक्षकांच्या सजेशनवर सीन करायची पद्धत रुळवली, आणि पुढे १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या द कमिटी या ग्रुपमध्ये दिग्दर्शक डेल क्लोजने हॅरॉल्ड नावाचा फॉरमॅट आणला, ज्यात एका शब्दावरून वीस-पंचवीस मिनिटांचा अख्खा तुकडा उभा राहतो. तिथे शब्द जसाच्या तसा वापरला की पाच मिनिटांत संपतो. म्हणून शब्दावरून एक आठवण काढायची, त्या आठवणीवरून अजून एक, आणि सीन त्या दुसरीवर करायचा.

समजा 'कुकर' आला. सगळ्यांच्या डोक्यात पहिली येते शिट्टी, दोघे नट तोंडाने शिट्ट्या मारतात, हशा येतो, आणि दहाव्या सेकंदाला हातात काही उरत नाही. त्याऐवजी कुकर, मग शिट्ट्या मोजणं, मग घरातला तो माणूस जो सगळंच मोजतो. आता दोन भाऊ वडिलांच्या घराची वाटणी करतायत. धाकटा म्हणतो, "दादा, ताटं अकरा आहेत." दादा म्हणतो, "बाराच होती, आईने मोजून ठेवली होती, नीट बघ." आणि दोघे परत पहिल्यापासून मोजायला बसतात. इथे कुकर कुठेच नाही, पण भांडण आहे, आई आहे, ते हरवलेलं ताट आहे, आणि पुढच्या सीनला भरपूर सामान आहे. फक्त लाँग फॉर्म आपल्या बऱ्याच प्रेक्षकांना नवीन आहे, तर ओपनिंगमध्ये ही साखळी बोलून दाखवा, "कुकर म्हटलं की मला शिट्ट्या मोजणारी माझी मावशी आठवते", म्हणजे ज्याने शब्द दिला त्याला आपला शब्द कुठे गेला ते कळतं, नाहीतर तो शेवटपर्यंत कुकर शोधत बसतो.

एक गोष्ट मला खरंच खटकते, सजेशन ऐकून तोंड वाकडं करणं, किंवा सीनच्या मध्येच "काय पण शब्द दिलाय" म्हणून पब्लिककडे बघणं. ज्याने धीर करून तोंड उघडलं त्याचा सगळ्यांसमोर पचका होतो, आणि पुढच्या वेळी हात वर येत नाहीत. तमाशातला सोंगाडी बघा, समोरून आलेलं वाक्य तो अंगावर घेतो आणि त्यातूनच पुढची बतावणी रंगवतो.

तालमीत याला वेगळा वेळ द्या. अर्धी टीम प्रेक्षक बनून खुर्च्यांवर बसवा, त्यांना मुद्दाम एकदम ओरडायला सांगा, एकदा पूर्ण गप्प राहायला सांगा, एकदा सारखं तेच घाणेरडं काहीतरी ओरडायला सांगा, आणि प्रत्येकाला आळीपाळीने होस्ट करा. जो प्रश्न विचारला तो आणि त्यावर आलेली उत्तरं वहीत लिहून ठेवा, म्हणजे कुठल्या प्रश्नाला केळं येतं आणि कुठल्या प्रश्नाला आजीचं शिलाई मशीन, ते तुमच्या तुम्हालाच दिसेल.