माळा रिकामा करायचा तर आधी आहेराची पेटी उघडा

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या दोन खोल्यांत प्रश्न वेगळाच होता. मिळालेलं पाणी ठेवायचं कुठं? दोनशे लिटरचा ड्रम आणला आणि त्याला जागा व्हावी म्हणून शोकेस विकून टाकलं. आतला काचेचा टी-सेट आठ वर्षांत एकदाही चहाला निघाला नव्हता. तो गेल्यावर घरात कुणी त्याचं नावही काढलं नाही. तेव्हापासून मी घरातली एकेक वस्तू बघून विचारते, ही गेली तर कुणाला कळेल का?

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर स्वयंपाकघराच्या आधी आहेराची पेटी उघडा. आपल्याकडं सगळ्यात जास्त निरुपयोगी सामान तिथंच असतं. माझ्या पेटीत 31 साड्या निघाल्या, टॉवेल 14, आणि टोप्या तर मोजल्याच नाहीत. आमच्या मालकांनी जन्मात टोपी घातलेली नाही! या लग्नातून आलेलं त्या लग्नात द्यायचं, एवढंच त्या कापडाचं आयुष्य.

सगळं अंथरून तीन ढीग करा. खरंच नेसणार त्या साड्या कपाटात. टॉवेल लगेच वापरायला काढा, नवे म्हणून जपू नका. उरलेल्या साड्यांची गोधडी शिवायचा मोह होईल, पण माझी चूक करू नका. आहेरातलं ते गुळगुळीत कापड टाक्यात धरत नाही, थर सरकतात, आणि थंडीत ऊबही नाही. गोधडीला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच लागतं. गुळगुळीत साड्यांच्या मी बाजाराच्या पिशव्या शिवल्या. दहा वर्षांत एक फाटली नाही.

पेटी रिकामी केली तरी आहेर येणं थांबवलं नाही तर ती वर्षात पुन्हा भरते. भावकीला तारीख ठरायच्या आधी सांगायचं, मांडवात नव्हे: आम्हाला कापड नको, आम्हीही देणार नाही, पाकीट देऊ. आमच्या नणंदबाई, अक्का, यावरून दोन वर्षं रुसल्या होत्या. माझ्या मते तेवढा रुसवा परवडतो. लग्नासाठी पाच टक्क्यानं काढलेले पैसे परवडत नाहीत. महिन्याला शंभरावर पाच म्हणजे वर्षात साठ होतात, हे आमचे मालक आडतीवर मुनीम असून त्यांनाही कागदावर मांडून दाखवावं लागलं.

धान्याचं उलटं आहे, तिथं एकदाच जास्त घेणं बरं. रब्बीची ज्वारी निघाली की आम्ही दोन क्विंटल मालदांडी भरतो. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. दबला तर अजून ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा, थरात वाळलेला कडुलिंबाचा पाला टाका. पण स्वस्त मिळतंय म्हणून सगळंच वर्षाचं भरू नका. एका साली तुरीची डाळ अशीच भरली आणि आखाडात निम्मी किड्यांनी खाल्ली.

पाण्याचं काय सांगायचं, लातूरकरांना ते पाठ आहे: डाळ-तांदूळ धुतलेलं तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासला.

वाचलेला पैसा घरात ठेवला तर तो वाचत नाही. पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती ठेव खातं उघडा, महिना शंभर रुपयांपासून चालतं. मी हजारानं सुरू केलं. पाच वर्षांत साठ हजार माझे, वर व्याज. त्यातून पोरीच्या क्लासची फी भरली, कुणाच्या दारात जावं लागलं नाही. मात्र चष्मा, औषध आणि पायातली चप्पल यात हात आखडू नका. स्वस्तातल्या चपलेनं माझी टाच सहा महिने दुखत होती.

मागच्या दिवाळीला अक्का आल्या. माझ्या गोधडीवर हात फिरवून म्हणाल्या, "मला बी एक शिवून दे गं, साड्या मी आणलेत." पिशवीतून पाच काढल्या. दोन सुती होत्या, तीन आहेरातल्या. त्यातली जांभळी मीच त्यांना दिलेली होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.